अंतर्गळाची खूण नव्हती

ऑक्टोबरमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, सीमेवरच्या आमच्या फौजी कंपनीचा ट्रक नदीत कोसळला. चालक वाचला. नायक रवींद्र आणि स्थानिक पोर्टर बशीर वाहून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर निरोप आला : "एक देह मिळाला. चेहरा ओळखू येत नाही. ओव्हर."

मी कंपनीच्या मेडिकल रूममध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. हुद्दा हवालदार, गाव धुळे जिल्ह्यातले. रवींद्र एरंडोल तालुक्यातला. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, नंतर पुढच्या चौक्यांना औषधे, हे माझे रोजचे काम.

देहावर फौजेचे जुने जॅकेट होते. पोर्टरही तीच जॅकेटे घालत. देहाची सुंता झालेली होती.

बशीरचा भाऊ गुलाम काठावरच थांबला होता. "भाऊ माझा आहे. संध्याकाळच्या आत दफन करायचंय," तो म्हणाला. मग आमच्या कंपनीच्या मेजरांकडे वळून त्याने विचारले, "साहेब, तुमच्या फौजेत सुंता कधीपासून करतात?"

आमचे डॉक्टर कॅप्टन होते. ते म्हणाले, "एवढ्यावरून ठरत नाही. मुसलमान करतात, ज्यू त्याही आधीपासून करतात. आणि पुढची कातडी मागे सरत नसेल, लघवी अडत असेल, तर डॉक्टर कुणाचीही करतात."

"घरी विचारा," मेजर म्हणाले.

मेजरांनीच रवींद्रच्या वडिलांना फोन लावला. लहानपणी काही ऑपरेशन झाले होते का?

"अंतर्गळाचं. धुळ्याला. दुसरं काहीच नाही, साहेब."

कॅप्टननी पुन्हा तपासले. जांघेत दोन्ही बाजूंना हर्नियाच्या टाक्यांचा व्रण नव्हता.

"मग हा आपला नाही," मेजर म्हणाले. "ताब्यात द्या."

मला संशय आला. दुसऱ्या कशाबद्दल कुणी विचारलेच नव्हते. शिवाय फोनमध्ये त्यांच्यामागे अंगणातल्या माणसांचे आवाज येत होते. मी मेजरांकडे दोन मिनिटे मागितली, फोन घेतला आणि आमच्याकडच्या बोलीत बोललो.

"आबा, मी धुळाकडलाच शे. बठ्ठा लोकेस्पासून दूर या. आते सांगा, अंतर्गळच व्हती का?"

अंगणातले आवाज मागे पडले. मग दार लावल्याचे ऐकू आले.

"त्याले लघवी व्हये नही, भाऊ. डॉक्टरनी कातडी काढी. गावमा सांगतू ते पोऱ्याले पोरगी कोन देतं?"

मेजरांनी देह रोखला. गुलाम म्हणाला, "आता फोनवर काहीही म्हणतील." त्याचाही संशय रास्त होता. दुसरा देह दोन दिवसांनी नदीत आणखी खाली मिळाला. त्याचीही सुंता झालेली होती. दोन्ही घरांतून डीएनएसाठी नमुने घेतले. अहवाल आल्यावर बशीरचा देह गुलामला दिला. रवींद्रचा देह बंद पेटीतून निघाला. सोबत मी होतो.

गावात पेटी उघडू नये, असा आदेश होता. देहाची सुंता झालेली असल्याची बातमी गावात पोचली होती. स्मशानात एकाने रवींद्रच्या वडिलांना विचारले, "नाना, आपलाच शे ना? काय भरोसा?"

वडील पेटीजवळ उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मना पोऱ्यानी लहानपने सुंता करेल व्हती. धुळाना डॉक्टरनी. आपलाच शे."

बिगुल वाजला. वडिलांनी अग्नी दिला. बशीरचे दफन आदल्या दिवशीच त्याच्या गावी झाले होते.