गायीच्या गाठी आणि सकाळची एसटी

आमचं गाव दिंद्रुडच्या रस्त्यावरून बरंच आत. मी रोज एसटीनं माजलगावला जाऊन अकरावीत शिकत होते तेव्हा शेजारच्या काकांच्या गायीच्या अंगावर गाठी उठल्या. लंपी, जनावरांचा साथीचा रोग. काकू हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून तिच्या अंगाला चोळायच्या. गाय बसली ती उठलीच नाही. मला वाईट वाटलं, पण आमच्या दारात साधी शेळीही नव्हती. यात आपलं काही जाईल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

बघता बघता गावातल्या निम्म्या दावणी रिकाम्या झाल्या. जनावरांचा बाजार बंद ठेवायचा हुकूम आला, तशी बाजारची माणसं घरी बसली. दूध आटलं, तसे कॅन घेऊन गाडीत चढणारे गवळीही दिसेनात. आधी पाय ठेवायला जागा नसलेल्या सकाळच्या एसटीत आम्ही चार पोरीच उरलो. आम्हाला मजा वाटायची, प्रत्येकीला खिडकी!

एक दिवस कंडक्टरकाका खाली मान घालून म्हणाले, "पोरींनो, उद्यापून गाडी न्हाई यायची."

"कावून?" मी विचारलं.

"चार पासवाल्यांवर गाडी चालती का, बाई?"

वडील डेपोत गेले. तिथले साहेब चांगले बोलले. पॅसेंजर दाखवा, गाडी सोडतो, म्हणाले. वडील तसेच शेजारच्या काकांकडे गेले, "एखादी गाय घ्या, बाकीचेबी घेतील," असं विनवलं.

काका म्हणाले, "घेतो की. पन दूध न्यायला गाडी कुठं हाय?"

वडील उठून घरी आले.

आता दुसरी गाडी धरायला मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत चालत जायचं, आणि ती वाट उसातून जायची. ऊस डोक्याच्या वर गेलेला. काही दिवस आम्ही चौघी मिळून चाललो. मग दोघींचं लग्न ठरलं, तिसरीला मामाकडं धाडलं. आई म्हणाली, "एकटीनं न्हाई जायचं." मी भांडले, जेवले नाही. वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी काय करू, सांग." खरंच, त्यांनी काय करायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही. बारावीच्या परीक्षेआधी माझं लग्न झालं.

यंदा दिवाळीला माहेरी गेले होते. सकाळची एसटी अजून बंदच आहे. धाकटी बहीण गावातल्याच शाळेत दहावीला आहे, चांगले मार्क पाडते. चार दिवस आम्ही शेजारी निजलो, खूप बोललो. पुढं काय शिकणार, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.