थांबवणारं सॉफ्टवेअर

"हे मला थांबवील का?"

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस कुणीही असो, डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच. विचारताना उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवायचे. समोरचा पोरगा गोंधळायचा. बिल कसं निघतं, पेशंटला मेसेज कसा जातो, परगावी बसून आपला दवाखाना मोबाइलवर कसा दिसतो, हे त्याला सगळं तोंडपाठ असायचं. थांबवण्याबद्दल त्याला कुणी काही शिकवलेलं नसायचं.

"म्हणजे सर, कशापासून थांबवायचं?"

"सांगतो. आधी पाणी प्या," डॉक्टर म्हणायचे.

माजलगावात त्यांच्या दातांच्या दवाखान्याला लागूनच माझा कॉम्प्युटर क्लास. मध्ये प्लायवूडची भिंत, ती नसल्यातच जमा. माझ्या पोरांचं टायपिंग त्यांना ऐकू जायचं, त्यांचं दात कोरायचं मशीन आम्हाला. एवढ्या शेजारावर प्रत्येक डेमोला मला बोलावणं यायचं. मी वैतागून म्हणायची, "मला दातांतलं काय कळतं हो, डॉक्टर?"

"मला तरी कॉम्प्युटरमधलं कुठं कळतं, ताई? दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो आपण."

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

डॉक्टरांना नावं कधीच लक्षात राहायची नाहीत. चेहरेसुद्धा नाही. ते माणूस ओळखायचे तोंडावरून, म्हणजे तोंडाच्या आतून. एकदा भाजी बाजारात एका पागोटेवाल्या गृहस्थांनी त्यांना रामराम घातला. डॉक्टर कोरे. मग म्हणाले, "जरा आ करा बघू." त्या भल्या माणसानं मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून खरंच आ केला. "अरे, तुम्ही दिंद्रुडचे! तुमची अक्कलदाढ आडवी होती, लई छळलं होतं तिनं मला." भाजीवालीला हसू आवरेना. पण ते गृहस्थ असे खुलले की विचारू नका. आपली दाढ कुणाच्या तरी ध्यानात आहे, याचंच त्यांना अप्रूप.

म्हणून तर त्या दिवशी भिंतीपलीकडून जे ऐकलं त्यानं माझं शिकवणं थांबलं.

खुर्चीत एक निवृत्त मास्तर होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "हे दातांच्या पुलाचं काम कुणी केलंय? हात चांगला आहे."

मास्तर हसले. "सर, तुम्हीच की."

डॉक्टरही हसले. पण ते हसू जरा उशिरा आलं. त्यानंतर किती तरी वेळ मशीन सुरूच झालं नाही. मास्तर गेल्यावर डॉक्टर माझ्या क्लासात आले, पोरांच्या रिकाम्या बाकावर बसले आणि समोरच्या बंद स्क्रीनकडे बघत राहिले.

"ताई, मी स्वतःचं काम ओळखलं नाही."

"होतं असं. वय झालं."

"वयाचं असतं तर बरं होतं." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. आदल्या महिन्यात एका म्हातारीचा दात काढला होता. रक्त पातळ करायची गोळी खाते म्हणून तिनं आल्या आल्या सांगितलं होतं. डॉक्टर "बरं" म्हणाले, हात धुवायला गेले, आणि हात धुऊन येईपर्यंत ते ऐकलेलं पुसून गेलं. रक्त थांबेना. दुपारभर तिच्या जबड्यात बोटानं कापूस दाबून ते उभे होते. संध्याकाळी थांबलं. म्हातारी उठली, उलट यांनाच म्हणाली, "दमलात हो डॉक्टर." घरी जाऊन डॉक्टर जेवले नाहीत.

माझा स्वभाव फटकळ. मी म्हटलं, "मग बंद करा ना दवाखाना."

"सकाळी उठून कुठं जाऊ?" त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बीडला. "आणि हात अजून चांगला आहे, ताई. डोकंच तेवढं दगा देतंय. हाताला सांगणारं कुणीतरी पाहिजे. काढू नको, थांब, असं. तेवढं सांगणारं मिळालं की झालं."

ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तेव्हापासून पलीकडचं मशीन मधेच बंद पडलं की माझं शिकवणं बंद पडायचं. पोरं म्हणायची, "बाई, पुढं?" आणि मी कान भिंतीला लावून उभी. मशीन पुन्हा घरघरलं की जिवात जीव. खरं सांगते, मला भीती वाटायची. रोज वाटायची.

तर असे ते डेमो. पहिला पोरगा पुण्याहून आला होता, टायबिय लावून. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धोक्याची सूचना म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण. डॉक्टरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हा मला थांबवणार? हा तर मलाच घाबरून कोपऱ्यात बसलाय."

दुसऱ्यानं सांगितलं, सगळी माहिती क्लाउडवर राहते, एकदम सेफ. नेमकी तेव्हाच लाइट गेली. डॉक्टर काळ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "सेफ आहे ते कळलं. पण माझ्या हातात पक्कड आहे आणि मला ते दिसत नाही, मग कसं?" तो म्हणाला, "सर, इन्व्हर्टर बसवा." डॉक्टरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. इन्व्हर्टर मात्र बसवला.

मग संभाजीनगरची एक मुलगी आली. शांत, कमी बोलणारी. डॉक्टरांचा प्रश्न तिला पहिल्या दमात कळला. तिनं एका खोट्या पेशंटच्या नावावर सूचना भरली आणि ते नाव उघडलं. सगळा स्क्रीन लालभडक. मधोमध मोठी अक्षरं: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. खाली एकच बटण, "वाचलं". ते दाबल्याशिवाय पुढं काही हलेना. डॉक्टरांनी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. प्रत्येक वेळी लाल झालं की मान डोलवायचे. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या मुठीतली बोटं मोकळी झालेली मी पाहिली.

"घेऊ, ताई. हे अंगावर येतंय. असंच पाहिजे."

पेशंटांची माहिती भरायचं काम दवाखान्यातल्या चंदाचं. चंदा म्हणजे कंपाउंडर, स्वागतिका, झाडलोट, सगळं एकटीच. सॉफ्टवेअर प्रत्येकाचा मोबाइल नंबर मागायचं आणि त्यावरूनच माणूस शोधायचं. दिंद्रुडकडच्या मेंढपाळांच्या वस्तीपाशी येऊन गाडी अडली. तिथले गडी मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर, बायका रानात, फोन कुणाचा चार्ज असेल तर शपथ. सगळे एकच नंबर सांगायचे, फाट्यावरच्या किराणा दुकानाचा.

मी म्हटलं, "अगं, सगळ्यांचा एकच नंबर कसा चालेल?"

"आजवर चाललाच की, बाई. दुकानात सांगितलं की समद्या वस्तीला निरोप पोचतोय. तिथं फोन कदी बंद नसतोय."

माणसांत ते चाललं होतं. सॉफ्टवेअरच्या हिशेबी मात्र एक नंबर म्हणजे एक घर, आणि घरातल्या एकाला सूचना लावली की ती सगळ्यांच्या नावावर यायची. वस्तीवरच्या एका आबांच्या छातीत स्प्रिंग बसवली होती, त्यांना ती गोळी होती. झालं. वस्तीवरून कुणीही आलं की स्क्रीन लाल. दुधाचे दात हलणाऱ्या पोरीलाही लाल. मी संभाजीनगरच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, पुढच्या अपडेटमध्ये बघू.

सुरुवातीला डॉक्टर दर वेळी मोठ्यानं वाचायचे. समोरच्याला विचारायचे, "गोळी तुमची का?" पोरीची आई म्हणायची, "न्हाई ओ, ती आमच्या आबाची." सगळे हसायचे. मग वाचणं हळू आवाजात झालं. मग ओठांतल्या ओठांत. आणि एका सकाळी मी पाहिलं, डॉक्टर खिडकीतून चंदाला काहीतरी सांगत होते, नजर बाहेर, आणि बोटानं आपलं आपण "वाचलं" दाबलं.

"डॉक्टर, वाचलं का?"

"काय?" ते म्हणाले.

मी बोलले, रागावले, चंदाला बजावलं. चंदा म्हणाली, "बाई, मी ध्यान ठिवते. पन मी कदी औषध आणायला जाते, कदी बँकंत. मागं काय व्हतंय ते मला कसं दिसायचं?" तिचंही खरं होतं.

आणि मग आबा स्वतः आले.

चंदा बाहेर गेली होती. डॉक्टरांना प्रिंटर जमत नव्हता म्हणून त्यांनी मला हाक मारली होती. मी कोपऱ्यात खाली बसून कागद ओढत होते. आबा खुर्चीत, घोंगडी मांडीवर, पागोटं तसंच डोक्यावर. डॉक्टरांनी नाव उघडलं. स्क्रीन लाल झाला. मी उठून काही बोलायच्या आत तो पांढरा झाला होता. डॉक्टरांच्या एका हातात भुलीची सुई होती, पक्कड ट्रेमध्ये तयार.

"डॉक्टर," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात आबांनी पागोट्याच्या पदरातून गोळ्यांची पट्टी काढली. "ही दुपारची कदी घिऊ, डॉक्टर? मागून तोंड बधिर ऱ्हाईल, गिळता यायची न्हाई. आत्ताच घिऊ का?"

"कशाची गोळी, आबा?"

"छातीची. तुमीच तर लिवून घेतली त्या कॉम्प्युटरात."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. घाई केली नाही, आवाज केला नाही. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज नाही काढायचा."

"कावून? लई ठणकतंय."

"ठणक कमी करायला देतो. दात दुसरे डॉक्टर काढतील, तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून. चांगले आहेत. मी फोन करतो त्यांना."

आबा नाराज झाले. "तुमचा हात हलका हाय, म्हनून इतक्या लांब आलतो." डॉक्टरांनी फोन लावला. चंदा आल्यावर तिला आबांसोबत पाठवलं.

आम्ही दोघंच उरलो. डॉक्टरांची बोटं परत मुठीत गेली होती.

"त्यानं सांगितलं होतं, ताई. केवढ्या मोठ्या अक्षरांत सांगितलं होतं."

मला फटकळपणा सुचला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, मला रडू येत होतं आणि पलीकडं माझी पोरं आरडाओरडा करत होती.

"आता मीच थांबतो," डॉक्टर म्हणाले. त्यानंतर त्या दवाखान्याचं शटर वर गेलं नाही. मुलगी येऊन त्यांना बीडला घेऊन गेली.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामानं बीडला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. मुलीनं दारातच सांगितलं, "पप्पा ओळखणार नाहीत, मावशी. आणि सगळ्यांना एकच विचारतात. दूधवाल्याला, पाहुण्यांना, माझ्या सासूबाईंनासुद्धा. वाईट वाटून घेऊ नका."

डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. पांढरा शर्ट, स्वच्छ नखं. माझ्याकडे अदबीनं पाहिलं, ओळख नाही. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्यापुढं वाकले आणि आ केला. माझ्या खालच्या दाढेत त्यांनीच चांदी भरली होती. त्यांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, नीट पाहिलं. हात जराही थरथरत नव्हता.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. मी वाट पाहत राहिले. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तुम्हाला?"

"नाही, डॉक्टर."

"नक्की? घरी विचारून सांगा."

नक्की, म्हणून मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं, तेव्हा कुठं हनुवटी सोडली. मग आम्ही चहा प्यायलो. मी माजलगावचं काहीबाही सांगत होते, ते ऐकत होते.

निघताना ते मला पोचवायला फाटकापर्यंत आले. मी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं हँडल ओढलं, तशी डॉक्टरांनी पुढं होऊन रिक्षासमोर हात आडवा धरला.

"थांबा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांगा त्यांना."

"न्हाई काका. मला कसली गोळी?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, मग हात खाली केला आणि आम्हाला जाऊ दिलं.