निळ्या काचांची खोली

माझं पहिलं मूल बारशानंतर थोड्याच दिवसांत गेलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेनासं झालं. निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडायला घ्यायची, झाडलेली ओटी पुन्हा झाडायची. आम्ही तेव्हा ठाण्याला तळ्याच्या मागच्या आळीत राहत होतो. हे कचेरीत कारकून होते. घरात सासूबाई, आणि माझ्या थोरल्या नणंद, वन्सं. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. केशवपन झालेलं, अंगावर कायम तांबडं अलवण.

विलायतेत निळ्या उजेडात ठेवल्यानं बेचैन माणसांना आराम पडतो, असं यांच्या वाचनात आलं. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, अपाय काही नाही, करून पाहा. मग यांनी मुंबईहून गवतात गुंडाळून निळ्या काचा आणल्या आणि सुताराकडून माझ्या खोलीच्या खिडकीला बसवून घेतल्या. दुपारभर मी तिथं पडून राहायचं ठरलं.

पहिल्या दिवशी बरं वाटलं. विहिरीच्या तळाशी असावं तसं थंड, गप्प. पण नंतर माझं लक्ष एकेका वस्तूकडे जाऊ लागलं. हळदीचे हात मळकट दिसत. पेल्यातलं दूध निळसर दिसे, ते घशाखाली उतरत नसे. बाहेर आलं की त्याच्या उलट. ओटी, भिंती, सासूबाईंचा चेहरा, सगळं काही वेळ पिवळं दिसे, कावीळ झाल्यासारखं. आतबाहेर करून करून माझा डोळ्यांवरचा विश्वासच उडाला.

एका दुपारी केस विंचरायला फणेरपेटी उघडली, तर आरशात माझ्या कपाळावर काळा टिळा. कुंकू मी सकाळीच लावलेलं होतं. पुसून पाहिलं तर बोटही काळं. हे काचेमुळे, एवढं समजत होतं. तरी हे कचेरीतून येताना दिसेपर्यंत मी दारातून हलले नाही. यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं की त्या काचेतून तांबडा उजेड आत येतच नाही, म्हणून तांबडं काळं दिसतं. मला ते पटलंही. पण दुसऱ्या दिवशी खोलीत शिरल्याबरोबर मी आधी आरसा पालथा घातला.

मग मी दुपारी काहीतरी काम काढून परसात पळू लागले. एकदा पडवीतून परत येते, तर खोलीत वन्सं बसलेल्या. माजघराच्या पुढं त्या सहसा यायच्या नाहीत. मला पाहून उठल्याही नाहीत.

"बस जरा," त्या म्हणाल्या आणि पदर हातावर पसरून दाखवला. अलवण काळंभोर दिसत होतं.

"चंद्रकळा दिसते की नाही? लग्नानंतरच्या संक्रांतीला मी एकदाच नेसले होते. इथं हे तांबडं दिसत नाही गं. एरवी डोळे मिटले तरी दिसतं."

मी शेजारी बसले खरी, पण माझ्याच कपाळावरचा तो काळा टिळा मनातून जाईना. थोड्या वेळानं मी उठले. त्या बसून राहिल्या.

त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, मला मागची खोली द्या आणि ही वन्संना. सासूबाई बराच वेळ कुरकुरल्या, विधवा बाईनं पुढच्या खोलीत बसायचं म्हणजे काय, म्हणून. हे आईला उलट बोलले नाहीत, पण माझं अंथरूण स्वतः उचलून मागं नेऊन ठेवलं.

वन्संना तिथं झोप लागू लागली. त्यांना दिवसा निजलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र परसात फेऱ्याच घालत होते. पुढं उन्हाळ्यापर्यंत माझं ते हळूहळू कमी झालं, कशानं ते मला सांगता येत नाही.

नंतर यांची कल्याणला बदली झाली. सामान बांधताना वन्संनी तोंडानं काही मागितलं नाही, पण खिडकीपाशी उभ्या राहिल्या. यांनी सुताराला बोलावून काचा काढून घेतल्या. गाडीतून उतरवताना एकीखेरीज सगळ्या फुटल्या. नव्या घरात ती एक बसवली. जमिनीवर ताटाएवढा निळा उजेड पडे. ऊन फिरलं की तो सरके, आणि वन्सं आपला पाट उचलून त्याच्या मागं मागं सरकत.