घोड्याच्या बैठकीत अडकलेला अयूब मास्तर

कोरपन्यात गाद्या भरणारे दोघे-तिघे होते, पण कराटे शिकवणारा गादीवाला एकच, अयूब शेख. तरुणपणी बल्लारपूरला गादीच्या दुकानात कामाला असताना तो संध्याकाळी कराटेच्या क्लासला जायचा. गावी परतला तो कापूस पिंजायचं मशीन आणि काळा पट्टा असं दोन्ही घेऊनच. तेव्हापासून सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं.

मास्तरचा जीव घोड्याच्या बैठकीत होता. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि खाली घोडा असल्यासारखं हवेत बसायचं. इतरांचे घोडे उंच, मास्तरचा घोडा पार भुईला टेकायला आलेला. मांडीवर पाण्याचा गिलास ठेवून तो पोरांना म्हणायचा, "पाहा, थेंब नाई सांडत." क्लास भरायचा आठवडी बाजारातल्या सिमेंटच्या ओट्यावर. तिथे उड्या मारल्या की आवाज चांगला यायचा आणि बघे जमायचे.

पुढे गुडघे दुखायला लागले, तर मास्तरने कोणाला पत्ता लागू दिला नाही. गादीत टाके घालून उठताना तो गाद्यांची थप्पी धरून उठायचा. पण बायकोपासून काय लपतं? रशिदा म्हणाली, "अजी, तुमचे गुडघे कटकट वाजून राह्यले. मले वाटलं मशीन चालू राह्यली."

"आवाज येते म्हणजे ताकद येऊन राह्यली," मास्तर म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून लाथा दुप्पट केल्या.

१९९७ च्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर कराटेचा कार्यक्रम ठेवला होता. मास्तर मधोमध घोड्याच्या बैठकीत बसणार आणि पोरं दोन्ही बाजूंनी छपरावरचे कवेलू फोडणार, असं ठरलं होतं. मास्तर बसला, आणि नेमकं त्याच वेळी माईकवाल्याने घोळ घालून पाहुण्यांना भाषणाला उभं केलं. आता भाषण चालू असताना मधूनच उठावं कसं? पाहुण्यांनी पाहिलं, समोर एक माणूस मुठी आवळून, श्वास रोखून, अर्धा बसून आपल्याकडेच टक लावून आहे. असा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी भाषण स्वातंत्र्यापासून सुरू केलं, कापसावरच्या बोंडअळीपर्यंत आणलं आणि शेवटी आपल्या जावयावर नेलं.

टाळ्या पडल्या. मास्तर उठला नाही.

"मास्तर, उठा," पोरं म्हणाली.

"उठूनच राह्यलो," मास्तर म्हणाला. पण होता तिथेच होता. उजवा गुडघा अडकला होता आणि डाव्याने त्याच्या सोबतीला म्हणून काम सोडलं होतं.

लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. एकाने हार घातला. एका म्हातारीला हा कसला तरी नवस वाटला; तिने पुढ्यात नारळ ठेवून हात जोडले. लेझीम नीट दिसावी म्हणून एक लहान पोरगी त्याच्या मांडीवर येऊन बसली. "हलू नको बाई," मास्तर कण्हत म्हणाला. शेवटी पोरांनी त्याला पाटासारखं तसंच उचललं, कापसाच्या गाठी नेणाऱ्या मेटॅडोरमध्ये ठेवलं आणि दवाखाना गाठला.

"बसा," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

"बसलोच हाये, मॅडम."

शेकून शेकून हळूहळू पाय सरळ झाले. दोन हप्त्यांनी बाईंनी त्याला उभं राहायला लावलं आणि सगळं करून दाखवायला सांगितलं. घोडा बघितला, लाथ बघितली, कपाळाला हात लावला. "अहो, तुमचे गुडघे आत पडतात. गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेने हवा. लाथ मारताना खालचा पाय जागेवर रोवून ठेवता, आणि वरचं अंग फिरतं. मग पीळ कोण खाणार? गुडघाच ना? टाच फिरवा. हवेत लाथ झटकून पाय एकदम ताठ करू नका. आधी अंग गरम करा, मांड्यांत जोर आणा. सिमेंट सोडा. आणि बैठक वर घ्या."

शेवटचं वाक्य मास्तरच्या काळजात घुसलं. "मॅडम, वर घेतली तं घोडा नाई राह्यत. स्टूल होते."

"स्टूल चालेल," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मास्तरने सोपा उपाय काढला. सिमेंट नको ना? मग त्याने ओट्यावर नव्या कोऱ्या गाद्या अंथरल्या. पहिल्याच लाथेला पाऊल गादीत रुतलं, टाच फिरेना, गुडघ्यात कळ गेली आणि मास्तर कापसात आडवा झाला. दोन पोरं तर गादीवर झोपूनच गेली.

मग त्याने शेजारच्या रुखमाबाईंचं घरापुढचं खळं मागितलं. पऱ्हाटीत कापूस वेचून वेचून बाईंचेही गुडघे गेलेले. खळं कसं, चोपलेल्या मातीचं, ना कडक ना भुसभुशीत. टाच लोण्यासारखी फिरायची.

"देतो खळं," त्या म्हणाल्या, "पण मले बी शिकवा लागते."

"लाथा?"

"लाथा ठेवा तुमच्यापाशी. ते गुडघ्याचं शिकवा."

मास्तरने त्यांना घराच्या भिंतीला पाठ टेकवून, झेपेल तितकंच खाली सरकायला लावलं. हप्ताभरात भिंतीला टेकलेल्या बायांची रांग लागली. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, घर पडायला झालं आणि बाया टेकू देऊन राह्यल्या. पण बायांना आराम पडला. मग रुखमाबाईंनी लाथाही मागितल्या, आणि लाथांनंतर पट्टा. पट्टे आणायचे कुठून? रशिदाने गादीच्या खोळीचं निळ्या रेघांचं कापड फाडलं. कोरपन्याचा कराटेचा पट्टा तेव्हापासून रेघारेघांचा.

पुढल्या वर्षी पट्ट्याची परीक्षा घ्यायला मास्तरला शिकवणारे बल्लारपूरचे सर आले. खळ्यात लुगड्यांवर रेघांचे पट्टे बांधलेल्या बाया उंच उंच घोड्यांवर बसलेल्या. "अयूब, ही काय बैठक झाली? खाली बसव त्यांना!"

सगळ्या बायांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरला ओट्यावरचा आपला जुना घोडा आठवला. सरांपुढे तो कधी तोंड वर करून बोलला नव्हता.

"नाई सर," तो म्हणाला. "याच्या खाली गुडघा आत पडते."

"हे कराटे नाही."

"नसन."

सरांनी कोणालाच पास केलं नाही. रुखमाबाई म्हणाल्या, "नापास तं नापास. जेवून जा." सर जेवले, आणि रागावूनच गेले. पोरं हळूहळू क्रिकेटकडे वळली. बाया मात्र येत राहिल्या. वेचणी संपली की संध्याकाळी खळ्यात मास्तरचा आवाज ऐकू यायचा, "टाच फिरवा बाई, टाच! घाई कायची हाये?"