पऱ्हाटीला लावलेली राख

कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. आमच्या तलवाड्याकडे ती उपटून चुलीत घालतात. बीडच्या कॉलेजात पीएचडीसाठी मी तिचीच साखर करायला बसले, तेव्हा भावकीत बरीच थट्टा झाली. "कावून बाई, उसानं काय घोडं मारलंय?" एका काकांनी विचारलं. बोलायला काय जातं! साखर पऱ्हाटीतही असते, पण लाकडात गच्च बांधलेली. ती सोडवायला मी कोळशापासून केलेला, आम्ल धरून ठेवणारा एक उत्प्रेरक वापरते. गरम पाण्यात तो साखर सुटी करतो आणि स्वतः तसाच उरतो, पुन्हा वापरायला.

भुकटी मात्र माय करून पाठवायची. पऱ्हाटी वाळवायची, तोडायची, उखळात कुटायची, चाळायची. लेकीच्या शिक्षणात आपलाही हात आहे, हे ती गावभर सांगत फिरे.

गेल्या उन्हाळ्यात साखर काही उतरेना. सरांना निकाल दाखवायचा दिवस तोंडावर आला होता आणि उत्प्रेरक पार मेलेला. मी पाणी बदललं, भांडी बदलली, नशिबालाही बोल लावून झाला. शेवटी ती भुकटीच पाण्यात कालवून लिटमस बुडवला, तर तांबडा कागद निळा! लगेच घरी फोन लावला.

"माय, भुकटीत काय घातलंस?"

"राख लावली की. कीड लागू नये म्हनून. तुरीला लावतोत तशी."

मला हसू आवरेना. राखेतल्या क्षारांनी उत्प्रेरकातलं आम्लच खाऊन टाकलं होतं. "तुझ्या राखेनं माझं औषध मारलं गं," मी म्हणाले. 

"मग तुला आता कॉलेजातून काढतेत का, बाई?"

उत्प्रेरक आम्लानं धुतला की पुन्हा कामाला लागतो, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिला ते पटलं नसावं. कारण त्याच आठवड्यात राख न लावलेली नवी भुकटी घेऊन ती स्वतःच एस.टी.नं थेट माझ्या प्रयोगशाळेत आली. सबंध वाट पिशवी मांडीवर होती, कंडक्टरला ती खाली ठेवू दिली नव्हती.

सरांना निकाल दाखवायला आता ही एकच चाचणी हाती उरली होती. धुतलेला उत्प्रेरक मी भांड्यात घातला आणि म्हटलं, "माय, भुकटी तू टाक."

ती भिंतीकडे सरकली. दोन्ही हात पदराखाली गेले. "नगं बाई. रोज चुलीपुढं बसते मी. माझ्या हाताला राख असती."

तिचे हात धरून मी नळाखाली नेले, साबण लावून चोळले. नखांतलं काळं काही निघालं नाही. तसाच भुकटीचा चमचा तिच्या हातात दिला.