पसारेबुवांनी मांडलेलं घर

ऑफिसात त्यांना पसारेबुवा म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं, कारण या गृहस्थांचा धंदाच मुळी पसारा घालण्याचा. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. गेममधल्या खोलीच्या भिंती, दारं, खिडक्या दुसरं कुणीतरी उभं करी आणि ती कोरी खोली बुवांच्या संगणकावर येई. मग बुवा तिच्यात चुरगळलेली चादर टाकत, कपाटाचं दार अर्धवट उघडं ठेवत, टेबलावर कपाच्या बुडाचा गोल डाग उमटवत. खेळणाऱ्याने आत पाऊल टाकलं की इथे कोण राहत होतं, कसं राहत होतं, घाईत गेलं की निवांत, हे त्याला पसाऱ्यावरूनच कळलं पाहिजे. चाळिशी उलटलेला माणूस दिवसभर खोट्या घरांत खोटा कचरा टाकत बसायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन दमलो म्हणायचा.

गंमत अशी, की बुवांचं स्वतःचं टेबल लख्ख. ही शिस्त मावशीची. आई गेली तेव्हा बुवा शाळेत जात होते. मावशीला आणि काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोराला उचलून घरी नेलं आणि पोटच्या मुलासारखं वाढवलं. मावशीच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा जागा सोडून बसला तर त्याची खैर नसे. काका मात्र गरीब स्वभावाचे, चार शब्द विचारले तर एक बोलणारे. गावाच्या वरच्या अंगाला कारखान्याच्या सांडपाण्याचं मोठं तळं होतं, त्याच्या बांधावर ते राखणदार होते.

तो बांध एका पहाटे फुटला. करडा, आंबूस वासाचा चिखल खालच्या गल्ल्यांत घुसला, माणसं गेली, विहिरी नासल्या. पुढे जमिनीतलं पाणीच विषारी झालं म्हणून सरकारने सगळ्या गावाला तिथून उठवलं. बांधावरचा धोक्याचा भोंगा उशिरा वाजला होता. राखणदार पिऊन झोपला होता, असं कुणीतरी बोललं आणि ते बोलणं चिखलापेक्षा लांब पसरलं. चौकशी झाली. भोंग्याची तार कुजलेली होती आणि ती बदला म्हणून काका वरचेवर सांगत होते, हे चौकशीत निघालं. काका आयुष्यात दारूला शिवले नव्हते. पण चौकशीत काय निघालं ते ऐकायला कुणाला वेळ असतो? नव्या वसाहतीत काका खाली मान घालून वावरले आणि तशाच खाली मानेने एक दिवस गेले. त्यानंतर मावशीला जगात एकच गोष्ट हवी होती: पुन्हा कुणी काकांच्या नावाला तो डाग लावू नये.

अशात बुवांच्या कंपनीने त्याच दुर्घटनेवर गेम काढायचं ठरवलं. गावाचं नाव बदलायचं, माणसं बदलायची, गल्ल्या मात्र तशाच ठेवायच्या. त्यात मारामारी नव्हती, गोळीबार नव्हता. ओसाड गावात एकट्याने हिंडायचं, बंद दारं उघडायची, मागे राहिलेल्या वस्तू उलटसुलट करून बघायच्या आणि बांध कुणामुळे फुटला ते जुळवत जायचं. बुवांचं लहानपण त्याच गल्ल्यांत गेलं होतं, हे ऑफिसात कुणाच्या गावीही नव्हतं. राखणदाराचा भाचा अशी ओळख नको, म्हणून त्यांनी ती गोष्ट कधी तोंडातून काढलीच नव्हती. ज्याने वाढवलं त्याच माणसाची ओळख लपवायची, आणि वर त्याला सावधपणा म्हणायचं.

गाव सोडलेल्यांना परवानगी काढून आपलं घर बघून येता येई. बुवा निघाले.

"घर बघून येतो," ते मावशीला म्हणाले.

"ये जाऊन. मागची खिडकी लागलीय का तेवढं बघ. निघताना ह्यांनी ओढली खरी, पण तिची कडी मेली कधी धड बसायची नाही."

खिडकी लागलेली होती. घर पाहून बुवा उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या गल्लीपर्यंत चिखल पोचला नव्हता; धूळ सोडली तर सगळं जागच्या जागी. भांडी घासून पालथी घातलेली. अंथरुणाची घडी, वर जुनी चादर झाकलेली. झाडू दारामागे उभा. गाव रिकामं करा म्हणून हुकूम आला तेव्हा मावशीने आधी घर झाडलं होतं आणि मग कुलूप लावलं होतं, दोन-चार दिवसांत परत यायचंय अशा हिशोबाने. बुवांनी फोटो काढायला सुरुवात केली. ओटा, फडताळ, पलंग, निळं दार, दारावर लहानपणी त्यांनीच खिळ्याने कोरलेली होडी. एक कोपरा सोडला नाही.

ते घर त्यांनी गेममध्ये जसंच्या तसं उभं केलं. टीमची प्रमुख बुवांपेक्षा वयाने लहान, जिभेला धार असलेली बाई. ती स्क्रीनसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"हे कुठून आणलंत?"

खरं सांगायला काय जात होतं? पण तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून बुवांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"मनानेच रचलं," ते म्हणाले.

"कमाल केलीत! ते दार, ती होडी, खरंच कुणीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण एक सांगू? फारच आवरलेलं आहे हो. ही माणसं जीव घेऊन पळालीत की सुट्टीला गेलीत? यात गोष्ट कुठाय?"

तिच्या भाषेत गोष्ट म्हणजे पसारा. बुवांनी मुकाट्याने भांडी सुलटी केली, त्यांत उष्टं वाळवलं, त्यावर बुरशी आणली, खुर्ची पाडली, मावशीने घातलेली अंथरुणाची घडी विस्कटली. हात सराईत होते, एकदाही अडले नाहीत. मग गेमच्या लेखकाने ती खोली पाहिली. तो म्हणाला, सगळ्या घरांत हेच खरं वाटतं, हे आपण राखणदाराला देऊन टाकू. गेममधला राखणदार पिणारा होता. पलंगाखाली बाटल्या हव्या होत्या.

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, कारण द्यायचं तर मनाने रचल्याची थाप उघडी पडणार. दुपारच्या चहाआधी बुवांनी बाटल्या पलंगाखाली ठेवल्या. त्यातली एक आडवी, तिच्या तोंडाशी वाळलेला ओघळ. हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही, हीसुद्धा मावशीचीच शिकवण.

पुढे प्रमुखबाईंच्या डोक्यात आलं, की गेम बाजारात जाण्याआधी त्या गावच्या लोकांना बोलावून दाखवावा. बुवांनी परोपरीने खो घालून पाहिला. म्हातारी माणसं आहेत, डोळे दुखतील, जुनं सगळं वर येईल. "अहो, त्यांच्यासाठीच तर बनवलाय," बाई म्हणाल्या. मग बुवांनी मावशीला फोन केला आणि ऑफिसात नातंगोतं दाखवलेलं चालत नाही, अशी आणखी एक थाप मारली. मावशीने ती खरी मानली. एवढंच करून ती थांबली नाही, वसाहतीतून गेम बघायला निघालेल्या सगळ्या बसला तिने तंबी देऊन ठेवली. त्यामुळे ठेवणीतले कपडे घालून आलेली ती सगळी मंडळी, ज्यांच्या अंगाखांद्यावर बुवा वाढले होते, ती एकेक करून "नमस्कार साहेब" म्हणत त्यांच्यासमोरून गेली. कात्रीमामाने तर वाकून सलाम ठोकला. हा मामा गावात केस कापायचा, आणि राखणदाराच्या झोपेची बातमी केसांबरोबर घरोघर पोचवणाराही हाच. मावशीने जाता जाता डोळे मिचकावले. भाच्याचं गुपित राखण्यात तिला केवढी मजा वाटत होती.

मोठा पडदा लागला. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीच्या हातात रिमोट दिला. ती सारखी भिंतीवर आपटायची आणि सगळे हसायचे.

"अगं डावीकडे, डावीकडे! गिरणीपाशी वळ!"

"ते बघा माझं दुकान! खुर्चीसुद्धा आहे," कात्रीमामा ओरडला.

मग निळं दार आलं. "अगं बाई, ही तर होडी!" मावशी खुर्चीतून उठलीच. "उघड की गं, उघड दार!"

दार उघडलं. ओटा दिसला, त्यावरच्या उष्ट्या ताटल्या दिसल्या, ताटल्यांवरची बुरशी दिसली. मावशीचं हसू ओठांवरच राहिलं. पाहुणे न कळवता यावेत आणि घर पसरलेलं सापडावं तशी ती ओशाळली. शेजारणीकडे वाकून हळूच म्हणाली, "मी भांडी घासून निघाले होते गं." मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बुवांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं.

शेजारणीने रिमोटशी झटापट करत नजर पलंगाखाली वळवली. बाटल्या. पडद्यावर अक्षरं उमटली: राखणदाराची खोली.

कात्रीमामा घसा खाकरून जमिनीकडे बघू लागला. प्रमुखबाईंना त्याचा अर्थ भलताच लागला. "ही आमची सगळ्यात आवडती खोली," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या या सहकाऱ्यांनी अगदी मनाने रचलेली. आजी, तुम्ही मघाशी काही ओळखलंत का? तुमचं घर असंच होतं का?"

मावशीने वळून भाच्याकडे पाहिलं. बुवा पडद्याकडे बघू लागले.

"नाही हो," मावशी म्हणाली. "हे माझं घर नाही. दिसतं जरासं तसं, एवढंच." आणि ती खाली बसली.

लोकांनी माना डोलावल्या, शेजारीण पुढच्या दाराकडे वळली. बुवांना सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्यांना नंतर जेवढी लाज वाटली, तेवढी बाटल्यांचीही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रमुखबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी भडकल्या आणि मग वरमल्या. "मी त्यांना तोंडावर विचारलं हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. गेममधल्या राखणदाराचं पिणं कायमचं सुटलं, त्याला दुसरं घर मिळालं. बुवांनी एकेक ताटली घासली, भांडी पालथी घातली, चादर झाकली, झाडू दारामागे नेऊन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पगारी वेळेत आवराआवर केली. मग लॅपटॉप घेऊन ते वसाहतीत मावशीकडे गेले.

मावशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"बघ ना मावशी. सगळं आवरलंय."

"कुणाचं?"

"आपलं घर गं."

"आपलं कुठलं? ते माझं नाही असं मी चारचौघांत सांगून आलेय."

"पण आता बाटल्या काढल्यात. खरंच, बघ तरी."

मावशीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "बाटल्या मी एकटीने बघितल्या होत्या का रे? साऱ्या गावाने बघितल्या. ह्यांच्या बाजूने मी जन्मभर एकेकाशी भांडले. आणि त्या दिवशी तुझी नोकरी, तुझी अब्रू, म्हणून ह्यांचं घर नाकारलं. सगळ्यांसमोर. आणि तू आता गुपचूप झाडून-पुसून मला दाखवायला आणलंस?"

"मग मी काय करू?"

"तेही मीच सांगू, राजा?" असं म्हणून तिने पुन्हा टॉवेल उचलला. राजा या शब्दाला एरवी असते ती माया त्यात नव्हती.

बुवा जिना उतरले. खाली तळमजल्यावर कात्रीमामाचं नवं दुकान होतं, आणि संध्याकाळी तिथे केस कापणाऱ्यांपेक्षा नुसते बसणारेच जास्त. एक जण तोंडाला फेस लावून खुर्चीत आडवा होता. बाकावर जुन्या गावची पाच-सहा डोकी होती. बुवा दारात उभे राहिले.

"मामा, ते निळं दार मावशीचंच," ते म्हणाले. "बाटल्या मी ठेवल्या. काका कधीच प्यायले नव्हते."

कात्रीमामाने वस्तऱ्यावरचा फेस पुसला. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "न ओळखायला आम्ही काय आंधळे आहोत? तुझी मावशी नाही म्हणाली, म्हणून आम्हीही नाही म्हणालो."

"मग मला कुणी बोललं कसं नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. त्या भोंग्याच्या वेळेला मी तोंड आवरलं नाही, बाबा. या खेपेला आवरून बघितलं."

बुवांना वर बघवेना. काकांच्या नावाला जपणं त्यांच्या वैऱ्यालासुद्धा जमलं, ते काकांनी वाढवलेल्या पोराला जमलं नव्हतं.

खुर्चीतला माणूस फेस लागलेल्या तोंडाने म्हणाला, "मोठ्याने बोल जरा. बाकावरच्यांना ऐकू गेलं नाही."

बुवांनी परत सांगितलं. या वेळी जिन्यावरून वर मावशीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने.