मांदेलीच्या डागांवर कोटिंग

पेणमध्ये मी गाड्यांचं डिटेलिंग करतो. म्हणजे नुसतं धुणं नव्हे. रंगात मुरलेले डाग काढायचे, ओरखडे पॉलिशने घालवायचे आणि वर कोटिंग चढवायचं, म्हणजे पुढे ऊन-पाऊस थेट रंगाला भिडत नाही. या धंद्यात माणसांची किळस आली नाही असा दिवस जात नाही. दारावर वाळलेली गुटख्याची पिचकारी, सीटखाली कुजलेला वडापाव, हँडलला पुसलेला शेंबूड. आणि मालक शेजारी उभा राहून विचारतो, "शेठ, नव्यासारखी होईल ना?" आधी तुलाच आंघोळ घालू का, असं अगदी ओठांवर येतं. गिळतो झालं.

पण धाकट्या बहिणीच्या गाडीइतकी घाण मी आजवर पाहिली नाही.

तिचं सासर रोह्याजवळ. मेहुण्यांच्या वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा त्यांची मरून रंगाची छोटी गाडी अंगणात होती, पण ओळखू येईना. बोनेटवर खारवलेली मांदेली वाळत घातलेली, टपावर जवळा. मिठाचं पाणी ओघळून दारांवर पांढरे पट्टे उठले होते आणि त्यांच्याखाली रंग भाजल्यासारखा फुटला होता. माशांचं तेल उन्हात शिजून पिवळं, चिकट झालेलं. वायपरपाशी एक मांजर बसून मांदेलीची डोकी चावत होतं. श्राद्धाचं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नाही. ज्या माणसाने दर रविवारी ही गाडी स्वतःच्या हाताने पुसली, त्याच्या मागे तिची ही दशा!

हा प्रताप बहिणीच्या दिराचा, असं मी धरूनच चाललो. तो आधी थुंकतो आणि मग बोलायला लागतो. कामधंदा नाही. बहीण एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे, तिची शिफ्ट उशिरा सुटते, तेव्हा तिला आणायला मात्र तो रोज बाईक घेऊन जायचा. वहिनीला किती जपतो, म्हणून सगळा गाव त्याचं कौतुक करायचा.

"गाडी मी पेणला नेतो," मी म्हटलं. बहीण म्हणाली, "राहू दे रे दादा." मला वाटलं, खर्चाला संकोचते. बॅटरी बदलून, चारी काचा खाली करून निघालो. कासूला चहाला थांबलो तर टपरीवाल्याने गाडी जरा पुढे लावायला सांगितली. त्याचं काही चुकलं नाही.

दुकानात आणून पहिल्यांदा फेस मारून धुतली. गटारीसारखं पाणी निघालं. टपावरचा रंग गेलाच होता, पण ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून मशीन फिरवलं आणि खालून मूळचा मरून वर आला. त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी खूश होऊन फोटो बहिणीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात हजर. चेहरा उतरलेला.

"दादा, हे पहिल्यासारखं कर."

"तेच तर करतोय."

"नाय रे. घाण होती तसं कर. ती मांदेली मीच वाळत घातलेली."

आम्ही धरमतरच्या खाडीवरची, मिठागरावरची माणसं. मीठ पत्र्याचं काय करतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. मग तिने सगळं सांगितलं. मेहुणे गेल्यावर दिराने लगेच गाडीवर डोळा ठेवला होता, अलिबागला पर्यटक फिरवायला. सासू गाडी बहिणीच्या नावावर करायला सही देणार होती, पण दिराने 'मला नको' म्हटलं तरच. म्हणून हिने ती कोणालाही नकोशी करून ठेवली होती.

माझं डोकं फिरलं. "मग घेऊ दे ना त्याला! असल्या भंगारासाठी एवढी नाटकं? तुला ने-आण करायला तो आहेच की."

ती दाराच्या चमकत्या तुकड्याकडे बघत होती. "त्याच्या मागं बसायचं नाय मला."

"का गो?"

"मुद्दाम ब्रेक मारतो."

एवढंच बोलली. त्या बोनेटपाशी आली होती त्यापेक्षा ही किळस वेगळी होती. ही पाण्याने धुऊन जाणारी नव्हती. मी पान्हा उचलला आणि रोह्याला निघालो. तिने मनगट धरलं. "मला राहायचं तिथंच हाय, दादा. भांडण नको. गाडी पायजे मला, चालवता येते."

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्वतः चमकवलेलं दार स्वतःच पॉलिश पेपरने घासून पुन्हा निस्तेज केलं. तेल आणि मीठ तेवढं काढलं, म्हणजे पत्रा आणखी सडू नये. डाग, पांढरे पट्टे, फुटलेला रंग सगळं जागेवर ठेवलं. आणि त्यावर दुकानातलं सगळ्यात चांगलं कोटिंग चढवलं, मॅट, चमक न देणारं. घाणीवर कोटिंग म्हणजे घाण कायमची, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय. आतून मात्र गाडी अशी साफ केली की सीटवर जेवावं.

गाडी तयार झाल्याचं कळवलं तसा दीर दुकानात बघायला आला, बहीणही आली. त्याने गाडीभोवती फेरी मारली, नाक मुरडलं, दुकानाच्या दारात पचकन थुंकला.

"एवढं घासून हेच निघालं?"

"रंगच मेलाय," मी म्हटलं.

"आयला, असल्या गाडीत पर्यटक बसतील व्हय? ठेव वहिनी तुलाच. आईला सांगतो मी." मग त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, "बहिणीसाठी लय केलंस पावण्या," आणि हात पुढे केला.

बहीण माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मला कळत होतं: आत्ता काही बोलू नकोस. मी त्याचा हात हातात घेतला. ओलसर होता. मी हसलोसुद्धा. इतकी किळस मला दुसऱ्या कोणाची आली नाही. त्याची की माझ्या हसण्याची, ते सांगता येणार नाही.

तो बाईक काढून गेला. मी नळाखाली हात घासून घासून धुतला आणि बाहेर आलो. बहीण गाडीत बसली होती, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दार उघडायला गेलो. आतून लॉक होतं. तिने मला पाहिलं, हसली, पण लॉक काही काढलं नाही. मीही काच वाजवली नाही.